कंबर तलावाच्या जाळीवरची कुलपं: काढायची की राहू द्यायची?

तळ्याकाठी
नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं मी रोज सकाळी सोलापूरच्या कंबर तलावावर फिरायला जाते. कागदोपत्री नाव धर्मवीर संभाजी तलाव, पण आमच्या तोंडात कंबर तलावच बसलंय. तिथे एका बाजूला लोखंडी जाळी आहे. तिच्यावर एक-दोन जुनी, गंजकी कुलपं कधीपासूनच होती, पण गेल्या दिवाळीपासून भर पडत गेली. आज मुद्दाम थांबून मोजली. चौदा आहेत.

जवळून पाहिली. एका पितळी कुलपावर खिळ्याने 'व' आणि 'र' कोरलंय, मधे बदाम. एकावर निळ्या नेलपॉलिशनं 'प्र' आणि 'सु'. एक गुलाबी, आकड्यांचं, बॅगेला लावतात तसलं. आणि एकाला चक्क हळदीकुंकू वाहिलंय, दोन बोटं. ते पाहून मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

आमच्या सकाळच्या ग्रुपचं ठरलंय की येत्या रविवारी कटर आणून सगळी तोडायची. माझ्याकडेही पन्नास रुपये मागितले. मी दिले नाहीत अजून. जाळी खराब होते हे मला पटतं, पण तोडायला हात उचलत नाही. ही पद्धत आली कुठून, बाकीच्या गावांनी काय केलं, आणि तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

हुरडा_पार्टी
तोडा. आज चौदा आहेत, पुढच्या व्हॅलेंटाइनला दीडशे होतील. सार्वजनिक वस्तू ती सार्वजनिक.

मध्यरात्रीचा_वाचक
मूळ पॅरिसचं असं बरेच जण समजतात, पण त्याआधीची गोष्ट सर्बियातली सांगतात. व्रन्याच्का बान्या नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला तिथली नादा नावाची शिक्षिका आणि रेल्या नावाचा लष्करी अधिकारी रोज एका पुलावर भेटायचे. तो लढाईसाठी ग्रीसला गेला, तिथे दुसरीच्या प्रेमात पडला, परत आलाच नाही. नादा झुरून गेली. मग गावातल्या मुली आपलं आणि आपल्या माणसाचं नाव कुलपावर लिहून त्याच पुलाला लावू लागल्या, आपल्या नशिबी तसं येऊ नये म्हणून. म्हणजे सुरुवात भीतीतून आहे. मला ही गोष्ट वाचली तेव्हापासून ती कुलपं वेगळी दिसायला लागली.

हंगेरीत पेच नावाच्या गावी १९८० च्या दशकापासून कुलपांचं कुंपण आहे. जगभर लाट आली ती मात्र २००६ नंतर. एका इटालियन कादंबरीतल्या जोडप्यानं रोमच्या मिल्व्हियो पुलावरच्या दिव्याच्या खांबाला कुलूप लावलं आणि किल्ली टायबर नदीत टाकली. वाचकांनी तेच केलं. वर्षभरातच तो खांब कुलपांच्या भारानं कलला. २०१२ मध्ये रोमनं सगळी काढली.

शेंगाचटणी
म्हणजे सोलापूरकरांचं पॅरिसचं विमानभाडं वाचलं की! विजापूर नाक्यापर्यंत रिक्षा केली की झालं.

ऱ्हाईनकाठचा
मूळचा दत्तनगरचा, आता अकरा वर्षं जर्मनीत कोलोन शहरात. इथल्या होहेनझोलर्न पुलावर २००८ पासून कुलपं लागतात. हा रेल्वेचा पूल आहे, १९११ साली पुरा झालेला, कडेनं पायी जायची वाट. पायवाट आणि रूळ यांच्यात जाळी आहे, तिच्यावर कुलूप ठेवायला आता बोट घालायला जागा नाही. रेल्वेनं सुरुवातीला काढून टाकू म्हणून सांगितलं होतं, पण लोक इतके नाराज झाले की विषय सोडून दिला.

मी पहिल्यांदा तिथून चाललो तेव्हा डिसेंबर होता. गाडी गेली की अख्खी जाळी थरथरते आणि ती हजारो कुलपं एकदम किणकिणतात. गड्ड्याच्या जत्रेत बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा वाजतात ना, तसं. घरची फार आठवण आली होती.

लावणारे सगळे प्रेमिक नसतात. आजीच्या नावाचं कुलूप पाहिलंय, एका गेलेल्या बाळाच्या नावाचंही.

निवृत्त_ओव्हरसियर
तीस वर्षं बांधकाम खात्यात काढली, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो. कंटाळा आला तर पुढे जा.

ऱ्हाईनकाठचा यांचा पूल रोज शेकड्यांनी आगगाड्या पेलतो, त्याला कुलपांचं ओझं म्हणजे हत्तीच्या पाठीवर चिमणी. पॅरिसचा पाँ दे झार हा पूल निव्वळ पादचाऱ्यांचा. तिथेही पूल खचायला आला नव्हता, खचला तो कठड्याच्या जाळीचा तुकडा. ८ जून २०१४ ला सुमारे अडीच मीटरचा भाग कोसळला आणि पूल रिकामा करावा लागला. २०१५ च्या जूनमध्ये त्यांनी सगळी काढली, तेव्हा वजन भरलं ४५ टन. आपल्याकडचे मोठे ट्रक डोळ्यांसमोर आणा, मग समजेल. जाळीच्या जागी आता काच आहे. काचेला कुलूप लागत नाही.

कारण साधं आहे. कठडा बनवताना हिशेब कशाचा करतात? माणसं टेकणार, गर्दी रेलणार, वारा लागणार. लटकत्या लोखंडाचा हिशेब कुणी करत नाही. हातात मावणारं पितळी कुलूप शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं. दहा झाली की किलो. आणि कुलपाला कुलूप लावतात लोक, म्हणजे गुच्छ बाहेरच्या बाजूला वाढत जातो आणि जाळी ओढत राहतो.

आपल्या जाळीला वजनाचा धोका चौदा कुलपांनी नाही. धोका गंजाचा आहे. जाळीला जस्ताचा मुलामा असतो. त्यावर पितळ घासत राहिलं, मधे पाणी साचलं की जस्त आधी झिजतं आणि मग आतलं लोखंड उघडं पडतं. तळ्याकाठी दमट हवा रोजचीच. कुलूप काढून पाहा, खाली तांबूस वळं उमटलेलं दिसेल.

माझं मत: काढा, पण तोडू नका. कटर घसरला की जाळीची तारच तुटते. मी स्वतः पाहिलंय.

पाणकोंबडी
कुलपांपेक्षा मला किल्ल्यांची काळजी आहे. त्या गेल्या कुठे? पाण्यात.

मी कंबर तलावावर पक्षी पाहते. पाणकोंबड्या, वारकरी, कमळाच्या पानांवर पाऊल टाकत चालणारा कमळपक्षी. (ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी एकदा पावसाळ्यात सकाळी सातला यावं. त्याची पिल्लं बापाच्या पंखाखाली असतात आणि खाली नुसते लांब पाय लोंबतात, इतकं गोड दृश्य आहे.) या तळ्यानं आधीच जलपर्णी सोसली, सांडपाणी सोसलं.

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या उद्यानवाल्यांनी २०२३ मध्ये लोकांना कळकळीनं सांगितलं की कुलपं लावून किल्ल्या दरीत फेकू नका. तिथे कॉन्डॉर नावाची मोठी, दुर्मीळ गिधाडं आहेत, ती चकाकणारी वस्तू गिळतात. पोटात धातू अडकला की पक्षी मरतो किंवा ऑपरेशन करावं लागतं.

आपल्याकडे कॉन्डॉर नाही हे मला माहीत आहे. पण बदकं चिखलात चोच घालूनच खातात. ज्याला प्रेम करायचंय त्यानं करावं, किल्ली घरी न्यावी.

शिस्तप्रिय
पाणकोंबडी यांना पूर्ण अनुमोदन. मी अजून कडक बोलतो. हीच मंडळी भुईकोट किल्ल्यात गेली की बुरुजावर नावं कोरतात. शेकडो वर्षांच्या दगडावर कुणा दोघांचं नाव आणि बदाम. मी मुलांना घेऊन गेलो होतो, लाज वाटली. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात संरक्षित वास्तू विद्रूप करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, पण वाचतंय कोण.

कुलूप आणि कोरणं या एकाच सवयीच्या दोन फांद्या आहेत. आज सोडलं तर उद्या सिद्धेश्वर तळ्याच्या कठड्यावर दिसतील.

मध्यरात्रीचा_वाचक
@शिस्तप्रिय, दगडावर कोरलेलं पुसता येत नाही. कुलूप निघतं. दोन्हींना एका मापानं मोजू नका.

आणि नाव कोरण्याचंच म्हणाल तर आपल्या जिल्ह्यात हत्तरसंग कुडलला शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. 'वाचील तो विजयी होईल' अशा अर्थाची ओळ आहे त्यात. भीमा-सीनेच्या संगमावर जाऊन ती ओळ बोटानं दाखवत वाचली होती मी, अंगावर काटा आला होता. (किल्ल्यावर कोरणाऱ्यांची बाजू घेत नाही. विषय निघाला म्हणून सांगितलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर जावं.)

हुरडा_पार्टी
कुडलला गेलात तर येताना हुरडा खाऊनच या. जानेवारीत त्या बाजूला शेतात बसून गरम हुरडा, शेंगाचटणी आणि दही. बास.

शेंगाचटणी
माझं नाव कुणी घेतलं?

कुंभारवेस
धागा हुरड्यावर गेला, मी परत आणतो.

आपल्या गावात प्रेमाची खूण नाही असं कुणी समजू नये. अख्खं सोलापूर दर जानेवारीत एका लग्नाला जातं की! सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं म्हणून कुंभाराच्या लेकीनं हट्ट धरला. ते योगी, संसार करणार नव्हते. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायला सांगितलं आणि तिनं केलं. आजही गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर तो अक्षता सोहळा होतो. सात नंदीध्वज, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतली माणसं, आणि 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' म्हटलं की लाखो हातांतून अक्षता पडतात. माझ्या आजोबांनी मला खांद्यावर बसवून दाखवलं. मी माझ्या पोरीला बसवलं.

तिथे मागे काय राहतं? तांदूळ. पाखरं टिपून नेतात. आणि तरी सगळ्या गावाला नऊशे वर्षं ती मुलगी लक्षात आहे.

मीनाक्का
कुंभारवेस, छान लिहिलंत रे बाबा.

मला वाटतं आपल्याकडे 'गाठ' आहे, कुलूप नाही. माझ्या लग्नात शालूचा पदर आणि यांचं उपरणं यांची गाठ नणंदेनं मारली होती. इतकी घट्ट की विहिणींच्या पंगतीला आम्ही दोघं पाटावरून उठलो तर मी अडखळले. दुसऱ्या दिवशी देवाला जाऊन आलो आणि सासूबाईंनी स्वतः सोडली. सोडताना त्या म्हणाल्या, "आता तुमची तुम्ही सांभाळा." गाठ सुटली म्हणून कुणाला भीती वाटली नाही. बेचाळीस वर्षं झाली.

वडाला सूत गुंडाळतो तेही तसंच. कच्चं सूत, चार पावसांत विरतं. हल्ली बायका नायलॉनचा दोरा गुंडाळतात, तो झाडाच्या सालीत रुततो, ते मला आवडत नाही. मी गल्लीत सगळ्यांना सुती रीळ वाटते.

कानपूरवाली_सून
मीनाक्का, सोडण्यावरून आठवलं. माझं माहेर कानपूर. बंगाली मोहालमध्ये कालीमातेचं देऊळ आहे, तिथे नवस बोलताना कुलूप लावतात. पण किल्ली फेकत नाहीत! नवस पूर्ण झाला की परत यायचं आणि आपलं कुलूप आपण उघडायचं. माझ्या आईनं माझ्या मोठ्या भावाच्या आजारपणात लावलं होतं. तो बरा झाल्यावर आम्ही सगळे गेलो, आईला इतक्या कुलपांत आपलं सापडेना, ती रडायला लागली. शेवटी कडीला बांधलेल्या साडीच्या काठाच्या चिंधीवरून सापडलं.

म्हणजे कुलूप लावणं ही अर्धीच गोष्ट आहे, उघडायला यायचं असतं, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून आहे. ही प्रेमाची कुलपं बघितली की मला ती अर्धवट सोडलेली वाटतात.

कुलूप_मालक
मी हार्डवेअरवाला. वडिलांपासून दुकान आहे, नाव सांगत नाही, सोलापुरातले ओळखतील. म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो.

पोरं येतात माझ्याकडे. लगेच कळतं. घरासाठी कुलूप घेणारा माणूस लिव्हर किती विचारतो, किल्ल्या किती विचारतो, कडी ओढून बघतो. ही पोरं फक्त रंग बघत्यात. आणि दोघं एकत्र कधी येत नाहीत. एक आत येतो, दुसरी समोरच्या दुकानापुढं उभारती. अलिगढचं पितळी, लहानातलं लहान, नव्वद-शंभर रुपयाचं. परवा एक पोरगा म्हणला, "काका, एकच किल्ली असलेलं आहे का?" मी म्हणलो, "नाही बाळा, दोन-तीन येत्यातच." तर म्हणला, "मग एक तुम्ही ठेवून घ्या."

ठेवली आहे. गल्ल्यात आहे. का कुणास ठाऊक, टाकवली नाही.

एक गोष्ट सांगतो मालक. ह्यातली बरीच कुलपं तोडायची गरजच नाही. स्वस्तातल्या कुलपांना किल्ल्यांचे ठरावीकच खाचे असतात, त्याच त्याच किल्ल्या फिरून येतात. माझ्याकडं जुन्या किल्ल्यांचा जुडगा आहे, दोनशेच्या वर. अर्ध्याअधिक त्यानंच उघडतील. बाकीची चावीवाल्याला बोलावून.

शिस्तप्रिय
कुलूपवाल्या काकांचं कौतुक आहे, पण प्रश्न तोडण्या-उघडण्याचा नाही. काढली की दुसरी लागणारच. पाटी हवी आणि दंड हवा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावर शंभर डॉलर दंड आहे.

कट्टा_हवा
दंड लावा, पाटी लावा. सगळं मान्य. पण शिस्तप्रिय काका, आधी सांगा आम्ही बसायचं कुठे?

वय तेवीस. सोलापुरात दोन चौक ओलांडले की कुणीतरी ओळखीचं भेटतंच. बागेत बसलं की वॉचमन शिट्टी मारतो. हॉटेलात बसलं की फॅमिली सेक्शन का नाही घेतलात विचारतात. तळ्यावर मोकळी हवा आहे, म्हणून तिथे जातो. दहा मिनिटं उभं राहून पाणी बघतो आणि वेगवेगळ्या रिक्षांनी घरी येतो. ही कुलपं लावणाऱ्यांना जाळी खराब करायची नसते. आपण इथे होतो एवढं कुठेतरी राहावं असं वाटतं.

मी लावलेलं नाही. पण लावणाऱ्याला 'ही मंडळी' म्हटलेलं लागलं.

निवृत्त_ओव्हरसियर
@कट्टा_हवा, बेटा, तू बरोबर बोललास. आमच्या नोकरीत बागांचे नकाशे काढताना लहान मुलांसाठी घसरगुंडी काढायचो, ज्येष्ठांसाठी बाक काढायचो. तुमच्यासाठी काही काढलं नाही. कुणी सुचवलंही नाही.

नवीन_आयडी_७७
हा धागा चार दिवस वाचतेय. लिहू का नको करत आज आयडी काढला.

त्या चौदातलं एक आमचं आहे. हळदीकुंकू लावलेलं.

आमच्या घरी तेलुगू बोलतात, त्यांच्या घरी कन्नड. आम्ही दोघं एकमेकांशी मराठीत बोलतो, सोलापूरचं आहोत म्हणून. दोन्ही घरांनी नाही म्हटलं. शेवटी नोंदणी विवाह केला. त्यासाठी आधी अर्ज द्यावा लागतो आणि तीस दिवस नोटीस फळ्यावर लावतात, दोघांची नावं, पत्ते, वय. आमची दोन नावं शेजारी शेजारी सगळ्या जगासमोर फक्त तिथे लागली होती. आणि ते तीस दिवस मी रोज देवाला म्हणत होते, कुणी वाचू नये. एकदा माझ्या चुलत्यांना त्याच इमारतीत काम निघालं. मी दिवसभर जेवले नाही.

पत्रिका छापली नाही. मांडवाला पाटी नाही. आहेर नाही म्हणून भांड्यांवर नावं नाहीत. माझ्या आईच्या तांब्यावर आईबाबांचं नाव आणि तारीख कोरलेली आहे, लहानपणी पाणी पिताना मी त्यावरून बोट फिरवायची. आमचं तसं कुठेच काही नाही.

सही झाल्यावर आम्ही रिक्षानं तळ्यावर आलो. कुलूप मी आदल्या दिवशी घेतलं होतं. हळदीकुंकू पर्समध्ये होतं, मैत्रिणीनं दिलेलं. माझ्या सासूनं दारात लावलं असतं ते मी कुलपाला लावलं.

जाळी खराब होते हे मला तेव्हा सुचलं नाही. आता वाचून वाईट वाटतंय. आणि पाणकोंबडी ताई, किल्ली मी पाण्यात टाकली नाही. माझ्याकडेच आहे. रविवारी तोडणार असाल तर आधी सांगा, आम्ही येऊन काढून नेऊ.

मीनाक्का
अगं लेकी. फोन नंबर दे म्हणणार होते, पण इथे देऊ नकोस. खासगी संदेश कर मला. तांब्याचं मी बघते. भांड्यांवर नाव घालून देणारा माझ्या ओळखीचा आहे, आणि आहेर अजून द्यायचा राहिलाय असं समज.

हुरडा_पार्टी
पहिला 'तोडा' माझाच होता. मत अर्धं बदललं. काढायला हवीतच, ओव्हरसियर साहेबांचं गंजाचं पटलंय. पण कटर नको. मी रविवारी येतो.

शिस्तप्रिय
ताई, तुमच्याविषयी आदर आहे. तरीही माझं म्हणणं तेच, सार्वजनिक जागेला नियम सगळ्यांना सारखा हवा. तुमच्यासाठी जीव कळवळला म्हणून बाकीच्यांना सूट देता येत नाही. 'ही मंडळी' हा शब्द मात्र मागे घेतो. कट्टा_हवा, तुझंही वाईट वाटून घेऊ नकोस. बाकांसाठी अर्ज करणार असशील तर पहिली सही माझी.

कुलूप_मालक
तळ्याकाठी ताई, रविवारी किती वाजता? जुडगा आणि तेलाची कुपी घेऊन येतो. दुकान दहाला उघडतो, त्याआधी ठेवा.

तळ्याकाठी
रविवारचा वृत्तान्त. सगळ्यांचे प्रतिसाद ग्रुपमध्ये वाचून दाखवले आणि कटर बारगळला. पन्नास रुपये द्यायची वेळ आली नाही, चहाला गेले.

सहालाच जमलो आम्ही नऊ जण. काका खाली सतरंजी टाकून बसले आणि जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघू लागले. घाई नाही. किल्ली आत गेली की डोळे मिटायचे, अंगठ्यानं हलकेच दाबायचे आणि मान हलवायचे, नाहीतर 'हं' म्हणायचे. 'हं' आला की कडी सुटायची. पावणेआठपर्यंत नऊ निघाली. दोन चावीवाल्यानं काढली, कानशीनं जागेवर किल्ली घासून. खाली खरंच तांबूस वळं होती, ओव्हरसियर साहेब. एका ठिकाणी तार काडीसारखी झाली आहे.

'व' आणि 'र'चं कुलूप आलं तेव्हा काकांनी जुडगा बाजूला ठेवला आणि खिशातून एक सुटी किल्ली काढली. गल्ल्यातली. पहिल्याच फेऱ्यात उघडलं. कुणी काही बोललं नाही.

नवीन_आयडी_७७ आणि तिचे यजमान सव्वासातला आले. ती जाळीजवळ गेली, किल्ली घातली, फिरेना. एका पावसाळ्यात आतून जाम झालं होतं. काकांनी दोन थेंब तेल सोडलं आणि "थांब, जोर लावू नको, किल्ली मोडंल" म्हणाले. पाच मिनिटं आम्ही सगळे त्या तेलाची वाट बघत उभे होतो. मग तिनं पुन्हा फिरवली. कडी उघडल्याचा आवाज एवढासा, पण मला अजून ऐकू येतोय. हळद उडून गेली होती, कुंकवाचा डाग कडीच्या खाचेत होता. तिनं ते रुमालात गुंडाळलं. मीनाक्कांनी आणलेल्या डब्यात शेंगापोळ्या होत्या, त्या दोघांना आधी वाढल्या.

आकड्यांचं गुलाबी कुलूप राहिलंय. चौदातलं ते एकच.

शेंगाचटणी
चार आकडे आहेत का? १४०२ लावून बघितलं का?

तळ्याकाठी
बघितलं. नाही उघडत.

कुंभारवेस
१४०१? संक्रांत! सोलापूरचा माणूस असेल तर गड्ड्याची तारीख लावणार.

तळ्याकाठी
उद्या सकाळी लावून बघते.

कुलूप_मालक
निघालेली बारा कुलपं माझ्याकडं पत्र्याच्या डब्यात आहेत. जाळीला पुठ्ठा बांधलाय, सुतळीनं: 'तुमचं कुलूप सुखरूप आहे, ओळख सांगून घेऊन जावं', खाली दुकानाचा पत्ता. दुपारी दोन ते पाच दुकान बंद असतं. आल्यावर मी काही विचारणार नाही, खूण सांगितली की देणार. आतापर्यंत दोघं येऊन गेले, वेगवेगळे. दहा राहिलीत.

तळ्याकाठी
१४०१ नं उघडलं!!! कुंभारवेस, तुम्हाला साष्टांग. आता जाळी मोकळी आहे. कट्टा_हवाचा बाकांसाठीचा अर्ज तयार झालाय, सत्तावीस सह्या आहेत, पहिली शिस्तप्रिय यांची.

वेळापूरकर
मी फक्त वाचक आहे इथला, कधी लिहीत नाही. तळ्याकाठी ताई, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही निळ्या नेलपॉलिशचं 'प्र' आणि 'सु' लिहिलंत. तो 'सु' कसा आहे? उकार खाली वळून परत वर येतो का, शेपटीसारखा?

कुलूप_मालक
डबा उघडून बघितला. होय, शेपटी आहे. ह्यो डब्यातला सगळ्यात जुना आहे, कडी पार लाल झालीय.

वेळापूरकर
मग ते माझ्या ताईचं आहे. वहीवर नाव असंच लिहायची. लग्न होऊन चार वर्षं झाली, नाशिकला असते, दोन वर्षांची मुलगी आहे. भावजींचं नाव 'प्र'वरून नाही.

पुढच्या महिन्यात माहेरपणाला येतेय. तिला सांगू की नको ते अजून ठरत नाही माझं. डबा कधीपर्यंत ठेवणार आहात काका?

कुलूप_मालक
ठेवतो की. तू सावकाश ठरव.